ताक गोड लागतंय

"काय बाई ही कल्हई," पारूबाई पातेल्यात तोंड घालून पुटपुटली. "आदी कसं तोंड दिसायचं आत. आता बगावं तर नुसतं ढगाळ."

ती स्वतःशीच बोलली होती, पण पितळी पातेल्यात बोललेलं घुमून बाहेर येतं. भट्टीच्या पंख्याची मूठ फिरवत बसलेल्या रहिमतबीनं ते ऐकलं. भट्टीच्या पलीकडं सांडशी धरून बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मौलानंही ऐकलं. मौलाच्या कानांचं एक होतं. बायकोनं बाजारातून काय आणायचं ते सांगितलं की त्याला ऐकू यायचं नाही, आणि कल्हईला कोणी पार उंब्रजच्या स्टँडवर नाव ठेवलं तरी घरबसल्या ऐकू यायचं. असल्या बोलण्यावर तो सांडशी खाली टाकून उठायचा, पातेलं उन्हात धरायचा, आणि म्हणायचा, "बग, मिशी दिसतीया का न्हाई माजी?"

आज त्यानं मान वर केली नाही. नवसागराची चिमूट दुसऱ्या पातेल्यात टाकली. पांढरा धूर उठला, डोळ्यांत गेला, आणि धुराच्या आड त्यानं कल्हईची कांब टेकवून कापसाच्या बोळ्यानं भराभर पुसायला सुरुवात केली.

"धुतलं की उजळतंय," रहिमतबी म्हणाली. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"उजळंल की. मी काय म्हंते का न्हाई उजळायचं?" पारूबाईनं पातेलं खाली ठेवलं. "परवा पौर्णिमा. खीर हाय विहारात. समदं गाव येतंय जेवाय. मौलाभाऊ, तुमी बी या, ह्या बारीला सबाला पण घिऊन या. कुटं हाय पोरगी?"

सबा उंबऱ्यात बसली होती. पाच सरून सहावं लागलेली नात. येत्या जूनमध्ये शाळेत जायची. मागच्या वर्षी हीच पोर भट्टीभोवती इतकी नाचायची की तिला दोरीनं बांधावं का काय असं वाटायचं. आता पोटाशी गुडघे घेऊन बसायची. उंब्रजच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, मग दुसऱ्यांदा जंताचं दिलं. जंत असते तर एव्हाना घर सोडून गेले असते.

भट्टी विझायच्या आधी मौलानं हाक मारली, "आन गं तुजा पेला."

हे नेहमीचं होतं. उन्हं तापायच्या आत दिवसाचं काम संपलं की कांबीच्या टोकाला जे उरायचं त्यावर पहिला हक्क सबाचा. तिचा छोटा पितळी पेला त्यानं तिच्या जन्माच्या वेळी कासाराकडनं घेतला होता. पोरगी खंगायला लागली तशी तो पेल्याला आठवड्यातून दोनदा कल्हई करू लागला. पितळेचं आंबट अंगात जाऊ नये, दूध-ताक सोवळं राहावं. पेला चिमट्यात धरून फिरवताना त्याचं तोंड असं व्हायचं की जणू पेल्यालाच न्हाऊ घालतोय.

आज त्यानं पेला हातात घेतला, भट्टीकडं बघितलं, आणि तसाच सबाच्या हातात परत दिला.

"कोळसा सरलाय," म्हणाला.

टोपलीत कोळसा होता. रहिमतबीनं टोपलीवर पोतं ओढलं.

*

पारूबाई गेली तेव्हा आसिफ आला. मोटारसायकल त्यानं पुढं न लावता गोठ्याआड घातली. रहिमतबीचा हा एकुलता एक. ओढून धरलेला क्लच सोडताना त्याचा डावा हात मनगटातून खाली लोंबला, आणि उजव्या हातानं त्यानं तो उचलून मांडीवर ठेवला. अलीकडं हा हात असाच करायचा. "गाडी चालवून अवघडलाय," असं तो म्हणायचा, आणि घरातली माणसं "व्हय, व्हय" म्हणायची.

"सील लावलं गोदामाला," तो म्हणाला.

गावात सगळे गोदामच म्हणायचे. कालव्याच्या अंगाला पत्र्याची शेड, वर पाटी 'भंगार गोदाम'. आत गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायचं काम चालायचं. मालक आधी शहराच्या कडेला हीच भट्टी चालवायचा. तिकडं प्रदूषणवाल्यांच्या नोटिसा सुरू झाल्या तसं त्यानं बिऱ्हाड इकडं हलवलं. इकडं नोटिसा यायला रस्ता लांबचा. यायला दोन पावसाळे लागले, आणि त्याही कालव्याकडच्या शेरड्या पटापट मेल्या म्हणून आल्या.

"मग आता?" मौलानं विचारलं.

"पुढच्या दाराला सील हाय. मागनं चालूच हाय. पर मी न्हाई जाणार." आसिफनं इकडंतिकडं बघितलं. "प्रदूषण मंडळाची मान्सं नावं लिहून नेत्यात कोन कोन कामाला हुतं त्येंची. शेट म्हनला, ज्याच्या घरात माल सापडंल त्यो माल त्येचा. माजा न्हाई. त्येचा. कळलं का, अम्मा? घरात ज्या कांबी हायत त्या..."

तो थांबला. बापाकडं बघितलं. बाप कापसाचा बोळा पिंजत होता.

"कथलाच्या कांबी," रहिमतबी म्हणाली.

"व्हय. कथलाच्याच. पर दिसाय सारक्याच की. त्येंना काय कळतंय?"

"कथलाला कोन धरतंय?" ती म्हणाली.

मौलानं बोळा ठेवला, उठला, आणि मागच्या पडवीत जाऊन बसला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. अशा वेळी गावात कुत्रंसुद्धा हिंडत नाही, म्हणून तीच वेळ बरी.

कांबी गव्हाच्या पोत्याखाली होत्या. रहिमतबीनं पिशवी उचलली आणि खांदा निखळतोय असं वाटलं. एवढीशी पिशवी, बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीएवढी दिसणारी, आणि माणसाला जमिनीकडं ओढत होती. आसिफनं एका हातानं कोंबड्यांचं खुराडं सरकवलं, तिनं खुरप्यानं खड्डा घेतला. कोंबड्या एका बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

पिशवीतली एक कांब बाहेर घसरली. तिनं ती उचलली आणि, हातांना सवय म्हणून, दोन्ही टोकं धरून वाकवली.

लग्न होऊन आली तेव्हा ती सोळा वर्षांची. मौलानं पहिल्याच आठवड्यात तिच्या कानापाशी कथलाची कांब वाकवली होती. आतून कर्र, कर्र असा बारीक आवाज आला, कोणी दात खाऊन रडावं तसा. "ऐकलंस? कथील रडतंय," तो म्हणाला. "खरं असलं की रडतंय." ती इतकी घाबरली की सासूच्या मागं जाऊन लपली. पुढं तो आवाज तिच्या घराचाच आवाज झाला. कांब आली की मौला वाकवून बघायचा, ती चुलीपासून ऐकायची.

ही कांब ओल्या कणकेसारखी वाकली. मुकी.

तिनं दुसरी वाकवली. तीही मुकी.

"अम्मा, काय करतीस? लवकर," आसिफ म्हणाला.

तिनं माती लोटली. लोटता लोटता तिच्या ध्यानात आलं की तिला ह्या घरात कर्र, कर्र ऐकून बरेच दिवस झाले होते. गेल्या दिवाळीपासून तरी नक्की. स्टीलनं कल्हई बुडवली होती, तो काळ मौलानं भिंतीकडं तोंड करून काढला. मग हायवेवरच्या हॉटेलांना पितळी हंडीचा शौक लागला, मागनं गावातल्या बायकांनी माळ्यावरची भांडी उतरवली, आणि म्हातारा पुन्हा माणसात आला. पण कथील असं महाग झालं होतं की हातात धरायची भीती. त्या वेळी आसिफ म्हणाला होता, "अब्बा, सांगलीत एक वळखीचा हाय. मी आनतो कथील सस्तात." म्हातारा हसला होता. वर्षात पहिल्यांदा हसला होता. मग कोणी विचारावं, वळखीचा कोण?

खुराडं जागेवर आलं. कोंबड्या आत शिरल्या.

*

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा भोंगा बोलला. गोदामाच्या भोवतालच्या गावांतल्या लहान पोरांचं रक्त तपासायचं होतं, उद्या, शाळेत. पौर्णिमेची सरकारी सुट्टी असली तरी वरून हुकूम होता. पाठोपाठ आम्रपाली आली. पारूबाईची सून, गावची आशाताई. गुलाबी साडी, घामेजलेला गळा.

"चाची, उद्या सबाला आणा. बोटाला टोचत्यात नुसतं. लगेच मशीनमधी कळतंय," तिनं अंगणातूनच सांगितलं. "आमच्या घरी खीर आन मी तिकडं टोचाटोचीत. नोकरी म्हंजी असं."

रहिमतबी तोंड उघडणार तोच आसिफ आतून आला. "सबा न्हाई हितं. मामाकडं गेलीया, फलटणला."

"कवा?"

"सकाळी."

आम्रपालीनं उंबऱ्याकडं बघितलं. तिथं सबाच्या छोट्या चपला होत्या, एक उलटी. आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं, बारीक, आणि मध्येच दाबल्यासारखं बंद झालं.

रहिमतबीला ठाऊक होतं आत काय आहे. तिची सून सुमैरा भिंतीला टेकून बसली होती आणि पोरीच्या तोंडावर तिचा हात होता. नवऱ्यानं सांगितलं म्हणून. का, ते तिला नवऱ्यानं सांगितलं नव्हतं. सुमैराचं माहेर फलटण, लग्नाला सात वर्षं होत आली तरी तिला ह्या घरात अजून पुष्कळ गोष्टी सांगायच्या राहून गेल्या होत्या.

आम्रपालीचा चेहरा हळूहळू लाल झाला. खोटं दुसऱ्यानं बोललं होतं आणि लाज तिला वाटत होती. "बरं," ती म्हणाली. "परत आली तर आणा." वाकून तिनं उलटी चप्पल सरळ केली आणि गेली.

सुमैरा बाहेर आली. "का न्हाई न्यायचं तिला?" तिनं विचारलं. नवऱ्याला नाही, सासूला.

"रगत कमी हाय पोरीत. त्यात आनी काढाय कशाला?" रहिमतबी म्हणाली. म्हणताना आपल्या तोंडातून दुसरीच कोण बाई बोलतेय असं तिला वाटलं.

सबा मागून आली. "ताक," ती म्हणाली. "माज्या पेल्यात."

"वाटीत देते, बाळा. पेला घासायचा हाय."

"न्हाई. पेल्यात गोड लागतंय."

सुमैरा हसली, थकून. "दादानं कल्हई केलेल्या पेल्यातलं ताक गोड लागतंय म्हंती. सकाळी वतून ठेवायचं आन दुपारी प्यायचं. दुसऱ्या कशात दिलं तर थुकती."

रहिमतबीच्या हातातली चाळण तशीच राहिली.

ताक आंबट होतं. कालचं, उन्हाळ्यातलं, तोंड वाकडं करणारं. तिनं स्वतः घुसळलं होतं. सुमैरानं सकाळी भरून ठेवलेला पेला दिला, पोरीनं दोन घोट घेतले, पोट धरलं, आणि पेला कोनाड्यात ठेवून आडवी झाली. सुमैरा न्हाणीकडं गेली तशी रहिमतबीनं पेला उचलला. आधी मडक्यातलं ताक बोटानं चाटलं. आंबट. मग पेल्यातलं.

गोड नव्हे, पण आंबट मोडलेलं. जिभेच्या कडेला काहीतरी गुळचट, गोडसर, मागं रेंगाळणारं. कथलात आंबट आंबटच राहतं, एवढं कल्हईवाल्याच्या बायकोला कळत होतं. तिनं चूळ भरली, परत भरली, पदरानं जीभ पुसली. मग पेला पदराखाली घेऊन धान्याच्या कणगीत, ज्वारीत, कोपरापर्यंत हात घालून खोल खुपसला.

एवढंच केलं तिनं. पुढं कित्येकदा तिला हे आठवणार होतं, की त्या दिवशी तिनं एवढंच केलं.

संध्याकाळी मौला अंगणात बसला होता. हत्यारं पुसत होता. काम नसताना हत्यारं पुसायची त्याची जुनी खोड. ती शेजारी बसली.

"आवं."

"हं."

"अवंदाचं कथील कसं हाय?"

त्यानं सांडशी उलटी करून बघितली. "कथील कथलासारकं."

"रडतंय का?"

मौलाचा हात थांबला. समोर ओढ्याच्या पलीकडं विहारावर निळ्या-पांढऱ्या पताका लावायचं काम चाललं होतं. पोरं शिडीवरून एकमेकाला शिव्या घालत होती. तो तिकडं बघत राहिला.

"म्हातारा झालो," तो शेवटी म्हणाला. "न्हाई ऐकाय येत."

मग तीही विहाराकडं बघत बसली. दोघं एकाच गोष्टीकडं पाठ करून शेजारी शेजारी बसली होती.

*

सकाळी सुमैराची किंकाळी आली नाही. तिनं नुसती हाक मारली, "अम्मा," अगदी हळू, आणि त्या हळूपणानंच रहिमतबी हातातलं टाकून आत धावली.

सबा सतरंजीवर होती. डोळे वर गेलेले, दात घट्ट, एक हात आणि एक पाय झटके घेत होता, आणि बाकीची पोर जणू त्यांची नव्हतीच, अशी निपचित. तोंडातून फेस. मौला दारात उभा होता, हातात तांब्या, तांब्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं. कोणीतरी कांदा फोडा म्हणालं. कांदा कोण फोडणार?

झटके थांबले. पोरीनं डोळे उघडले आणि आईला ओळखलं नाही.

"मी नेते," सुमैरा म्हणाली. तिनं पोरगी खांद्यावर टाकली.

"कुटं?" आसिफ म्हणाला. "उंब्रजला नेऊ. गाडीवर. शाळेत नको. सुमैरा, ऐक माजं, शाळेत मंडळाची..."

"शाळा जवळ हाय," सुमैरा म्हणाली आणि चालायला लागली. अनवाणी. जाता जाता खुंटीवरची, रात्रीच भरून ठेवलेली पिशवी तिनं ओढून घेतली होती.

रहिमतबी मागं, तिच्या मागं मौला, आणि सर्वांत मागं आसिफ, लोंबता हात पोटाशी धरून. विहारापुढून जाताना पारूबाई दिसली. चुलवाणावर दोन्ही पातेली चढलेली, खाली फाटी पेटत होती, वर दुधाला अजून उकळी यायची होती. पारूबाईनं हातातला डाव वर केला, "येताय न्हवं?" म्हणाली, आणि खांद्यावरची पोर बघून डाव तसाच वर राहिला. रहिमतबीनं मान फिरवली.

शाळेत आम्रपालीनं त्यांना बघितलं. फलटणचं काही विचारलं नाही. रांगेतल्या बायकांना बाजूला सारून तिनं सबाला थेट बाकावर झोपवलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं पापणी उलटी केली, पोट दाबलं, बोटाला टोचलं. थेंब मशीनमध्ये गेला. शेजारी मंडळाचा माणूस बसला होता, गळ्यात ओळखपत्र. आसिफ दाराच्या चौकटीला चिकटून उभा राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

मशीन वाजलं. डॉक्टरीणबाईनं बघितलं आणि पुन्हा दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा वाजलं.

"हे मशीन मोजतं त्याच्या पलीकडं गेलंय," ती मंडळाच्या माणसाला म्हणाली. मग सुमैराकडं वळली. "शिसं आहे अंगात. खूप. साताऱ्याला पाठवते, गाडी बोलावलीय. औषध आहे ह्याच्यावर. पण एक नीट ऐका. औषधानं आतलं बाहेर काढायचं आणि इकडं घरात रोज नवं आत जायचं, असं झालं तर ती वाचायची नाही. कुठून जातंय ते मला आत्ता कळायला हवं."

आसिफ चौकटीबाहेर आणखी सरकला.

"घर कुठं तुमचं?"

"वड्याकडंला," आम्रपालीनं सांगितलं. "गोदामापासनं लांब हाय, मॅडम."

"तेच म्हणतेय मी. कालव्यावरच्या पोरांतही एवढं सापडलेलं नाही." तिनं आसिफकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं. "तुम्ही वडील? हाताला काय झालं?"

"गाडी चालवून."

"बॅटऱ्या फोडता घरी?"

"न्हाई. कुरानाची शपत, घरात कवा बॅटरी आनली न्हाई." हे खरं होतं. तो इतक्या जोरात खरं बोलला की मंडळाच्या माणसानं वर बघितलं.

"भिंतीला रंग? माती खाते का? देशी औषध, पुड्या?" डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेली, सुमैरा एकेकाला मान हलवत गेली. मग तो मंडळाचा माणूस पुढं वाकला. सबाच्या डोळ्यांत काळी रेघ होती, झटक्यात विस्कटून गालावर आलेली.

"हे काय? सुरमा का? तुमच्यात घालतात ना पोरांना?" तो डॉक्टरीणबाईला म्हणाला, "असू शकतं, मॅडम. काही सुरम्यांत शिसं असतं."

"घालता का?"

आसिफनं श्वास घेतला. रहिमतबीनं तो श्वास ऐकला. बुडणाऱ्याला फळी सापडावी तसा.

"व्हय," आसिफ म्हणाला. "सुरमा घालती की ही. रोज घालती. मी नको म्हंतो तरी."

सुमैरानं नवऱ्याकडं बघितलं. मग पोरीच्या डोळ्यांकडं. मग स्वतःच्या बोटांकडं. "माज्या आईनं दिलाय त्यो," ती म्हणाली. "जुम्म्याला घालते फकस्त. मी... मी केलं हे? माज्या हातानं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाली, आवाज मऊ करून. "आता बंद करा. ती डबी मला आणून द्या. बरं झालं सापडलं ते."

मंडळाच्या माणसानं लिहून घेतलं. आसिफ भिंतीला टेकला. मौलानं डोळे मिटले. सगळी खोली जणू सैल झाली, आणि रहिमतबीला वाटलं, संपलं. सुरमा. बायकांची गोष्ट. डबी द्यायची, साताऱ्याला जायचं, पोर बरी होऊन घरी यायची. कांबी खुराड्याखाली, पेला ज्वारीत. कुणाचं नाव नाही, कुणाला बेडी नाही. सुमैरा रडेल चार दिवस. बाया रडतातच.

बाकावरून बारीक आवाज आला. "ताक."

पोरीनं ओळखीचे डोळे उघडले होते. सुमैरा हुंदका गिळून पटकन वाकली. "देते. देते, माजी बाय." तिनं पिशवीत हात घातला, ताकाची बाटली काढली, आणि मग ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी काढून सोडवलं.

पितळी पेला. खिडकीतलं ऊन त्याच्या आतल्या बाजूवर पडलं. ढगाळ.

"काल लई हुडकला," सुमैरा डॉक्टरीणबाईला सांगत होती, ओल्या आवाजात, आईपणाच्या त्या वेड्या अभिमानानं. "ज्वारीत घावला बगा. कसा गेला कुनास ठावं. हेच्याबिगर पीत न्हाई ती. हिच्या दादानं दिलाय. सारकी कल्हई करत्यात तिच्यासाटी."

"पिऊ दे," डॉक्टरीणबाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाली. "ताक चांगलं."

सुमैरानं पेल्यात ताक ओतलं.

रहिमतबीनं आसिफकडं बघितलं. आसिफ खिडकीबाहेर बघत होता. तिनं मौलाकडं बघितलं. मौला पेल्याकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता; त्या कांबीसारखा. सबाचा हात वर आला, बोटावर टोचल्याचा लाल ठिपका. पेल्याला बोटं लागली. बाहेर विहाराकडून भोंग्यावर वंदना सुरू झाली होती, म्हणजे दूध आता उकळीला आलं असणार.

रहिमतबीनं पुढं होऊन पेल्याच्या तोंडावर हात ठेवला.

"अम्मा?" सुमैरा म्हणाली.

"नको. त्यात नको." ताक तिच्या बोटांमधून बाकावर सांडत होतं. "आम्रपाली, पारूला फोन लाव, पोरी. खीर चुलीवरनं उतरव म्हनावं. कुनाला देऊ नको म्हनावं."

"का वं चाची? खिरीला काय झालं?"

"लाव आदी."

"अम्मा, गप बस," आसिफ दारातून म्हणाला. "गप बस, पाया पडतो तुज्या."

आम्रपालीनं फोन काढला, पण लावला नाही. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. मंडळाच्या माणसानं पेन उचललं होतं. रहिमतबीला पुढचं वाक्य ठाऊक होतं, पण त्यात नवऱ्याचं नाव होतं. तिनं नुसता पेला छातीशी धरला.

मौला बाकापाशी आला. बायकोच्या हातातून त्यानं पेला काढून घेतला, कासारानं गिऱ्हाइकाला दाखवावा तसा उजेडाकडं तिरपा केला, आणि डॉक्टरीणबाईपुढं टेबलावर ठेवला.

"सुरमा न्हवं, बाई. सुनंला बोल लावू नका," तो म्हणाला. "ह्येच्यात कथील न्हाई. शिसं हाय. मी लावलंय, माज्या हातानं. विहाराच्या भांड्यांत बी त्येच हाय. कांब रडली न्हाई तवाच मला कळलं हुतं."